टक्केवारीवर किती विसंबावं?

प्रश्न: एनएफएल ड्राफ्टआधी (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात, त्याआधी) कॉलेजच्या क्वार्टरबॅकची (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची) पास पूर्ण करण्याची टक्केवारी कितपत ग्राह्य धरावी?

उत्तर: नुसती टक्केवारी मुळीच धरू नका. स्क्रीन पास (सहकाऱ्यांच्या आडोशाने जवळच दिलेले सोपे पास) ती फुगवतात. ते वगळा आणि 10 ते 20 यार्डांचे पास वेगळे मोजा. दबाव आल्यावर तो कितीदा सॅक होतो (चेंडू फेकण्याआधीच पाडला जातो), हे तर आवर्जून पाहा. चेंडू उशिरा सोडायची खोड वरच्या पातळीवरही सहसा जात नाही, आणि सॅकचा दोष दरवेळी लाइनचा (त्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीचा) नसतो. कॉलेजात हॅश मार्कांमधलं (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा; प्रत्येक चाल त्यांच्यावरून किंवा त्यांच्यामधून सुरू होते) अंतर 40 फूट, एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच. त्यामुळे कॉलेजात लांबच्या साइडलाइनकडचा पास जास्त अवघड. हाताचा जोर तिथेच कळतो. वायोमिंग विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जोश ॲलन याची टक्केवारी 56च्या आसपास होती, तरी 2018 मध्ये तो ड्राफ्टमध्ये सातवा निवडला गेला. प्रो डेला (संघांच्या निवडकर्त्यांसमोर कॉलेजात होणाऱ्या चाचणीला) फार भाव देऊ नका. तिथे अंगावर धावून येणारं कुणीच नसतं.