नोकरी, चार वर्षांचा मुलगा आणि इग्नूचं एमए: सोडून द्यावं का?

ती बदलापूरला राहते, दादरला अकाउंट्सची नोकरी करते. मुलगा 4 वर्षांचा. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एमएला प्रवेश घेऊन सहा महिने झाले होते. "ऑफिसात असले की अभ्यासाचं टेन्शन, अभ्यासाला बसले की पोराचं. कशालाच पुरी पडत नाही मी. सोडून देऊ का?" नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बहुतेक आया हाच प्रश्न घेऊन येतात.

तिची वही पाहिली. रात्री साडेदहानंतरच्या पानांवर अक्षर उतरत उतरत शेवटी पेनची नुसती रेघ गेलेली. म्हणजे ती बसत होती, डोकं बसत नव्हतं. पहाटे चारचा गजरही लावून झाला होता. तो नऊ दिवस टिकला, कारण झोपायला साडेअकरा वाजतच होते.

आधी हिशेब मांडला. इग्नूत एका क्रेडिटला 30 तासांचा अभ्यास धरतात. तिचं एमए 64 क्रेडिटचं, म्हणजे वर्षाला 32 क्रेडिट, 960 तास. आठवड्याला साडेअठरा तास! एवढे तास तिच्याकडे नव्हतेच, आणि ती दोष स्वतःला देत होती. दोन वर्षांचं एमए चार वर्षांत पुरं करता येतं, हे माहितीपत्रकात असतं, पण प्रवेशाच्या गडबडीत कुणी वाचत नाही. चार वर्षं धरली की वर्षाला 480 तास. 48 आठवडे, आठवड्याला 10 तास, आणि वर्षातले चार आठवडे कोरे.

हे 10 तास कुठून आले? सकाळी बदलापूरहूनच सुटणारी लोकल धरली की बसायला मिळतं. पाच दिवसांचे पाच तास तिथे निघाले. मात्र गाडीत व्हिडिओ नाही, नेट तुटतं आणि चिडचिड होते. छापील पुस्तक आणि पेन्सिल. परतीची गाडी हिशेबात धरलीच नाही, उभ्याने अभ्यास होत नाही. मंगळवार आणि गुरुवारी आठ ते साडेनऊ ती जवळच्या अभ्यासिकेत जाते. घरातच दार लावून बसली तर पोरगा दार वाजवतोच. त्या दोन संध्याकाळी जेवण भरवणं, झोपवणं सगळं नवऱ्याकडे. "लागलं तर मदत करतो" असं बोलणं चालत नाही, वार आणि वेळ ठरलेली लागते. उरलेले दोन तास रविवारी सकाळी, आणि ते फक्त लिहिण्याचे. परीक्षेत तीन तास हाताने लिहायचं असतं. नुसतं ऐकून-वाचून गेलेल्यांचे शेवटचे प्रश्न लिहायचे राहून जातात.

मुलाचं काय? ऑफिसातून आल्यावर पहिली 20 मिनिटं त्याची. फोन पर्समध्येच, कुकरही नंतर. आल्या आल्या कामाला लागलं की मूल रात्रभर चिकटून राहतं. चार वर्षांच्या मुलाला "थोड्या वेळाने" कळत नाही, म्हणून घड्याळावर स्टिकर लावला: मोठा काटा इथे आला की आई येणार. आणि काटा आला की खरंच उठायचं. दोनदा चुकलं तर तो स्टिकरवर विश्वास ठेवणार नाही.

तिसऱ्याच आठवड्यात पोराला ताप आला आणि वेळापत्रक कोसळलं. कोरे आठवडे यासाठीच असतात. बुडालेले तास भरून काढायला जागरण करायचं नाही. थांबलो त्या पानावरून पुढे. झोप सहा तासांच्या खाली गेली की आधी अभ्यास कमी करायचा. दोन आठवड्यांहून जास्त सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर मात्र वेळापत्रकाने भागणार नाही. डॉक्टरांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.

असाइनमेंटला साधारण 30 टक्के वजन असतं, आणि ती वेळेत दिली नाही तर पेपर देऊनही निकाल अडकतो. म्हणून रविवारचे लिहायचे तास आधी तिथे गेले. जूनमध्ये तिने चारांऐवजी एकच पेपर दिला, दुसरा डिसेंबरला ठेवला. दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी पहिले पेपर राहिले असले तरी करता येते. पुनर्नोंदणीची तारीख तिने फ्रिजवर लावली आहे, पोराच्या लसीकरणाच्या तारखेशेजारी.