बाबा बागेत फिरकत नाहीत, आणि मला कार्डिऑलॉजिस्ट व्हायचंय

प्रश्न : मी निफाड तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. गणपतीत बाबांना हार्ट अटॅक आला, नाशिकला अँजिओप्लास्टी झाली. आता रिपोर्ट चांगले आहेत, पण बाबा धड जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. द्राक्षाची गोडी छाटणी काकांनी उरकली, बाबा बागेत फिरकलेही नाहीत. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. मला कार्डिऑलॉजिस्ट व्हायचंय, पण नीटला तेवढे मार्क पडतील असं वाटत नाही. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : नीटशिवाय कार्डिऑलॉजिस्ट होता येत नाही; हृदयरुग्णांसाठी काम करण्याचे दुसरे मार्ग मात्र आहेत. पण आधी बाबांचं बोलू, ते तुझ्या निकालापर्यंत थांबणारं नाही.

जन्मभर बाग सांभाळलेला माणूस छाटणीच्या दिवसांतही घराबाहेर पडत नाही, याला नुसता अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. हे नैराश्य असू शकतं. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला ते गाठतं, आणि त्याचा हृदयाशी थेट संबंध आहे. माँट्रियलच्या संशोधकांनी १९९३ मध्ये २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अटॅकनंतर नैराश्यात गेलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू बरेच जास्त होते. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही अशा रुग्णांच्या बाबतीत नैराश्य हा धोक्याचा घटक मानावा, असं सांगितलं. मन खचलं की शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात, रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) लवकर चिकटतात, शरीरातला आतला दाह वाढतो. शिवाय माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो. हा शेवटचा भाग घरच्यांच्या डोळ्यांसमोर घडतो, म्हणून गोळ्यांच्या पाकिटावर तू रोज नजर ठेव.

बाबांना दोन गोष्टी विचार : गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असं होतं का? उदास, हताश वाटतं का? एकाचंही उत्तर ‘हो, बरेच दिवस’ असं आलं, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता हार्टच्या डॉक्टरांना सांग आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घे. त्यांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखव. नैराश्यावरची काही जुनी औषधं हृदयरुग्णांना चालत नाहीत; काही नवी चालतात, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावं लागतं. स्टेंटनंतरच्या (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीनंतरच्या) या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत. बाबा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलले, तर त्यांना एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही चालू असतो.

आता तुझं. बाबांना बरं करायचं म्हणून करिअर निवडू नकोस. ते काम आजच्या डॉक्टरांचं आहे. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. रिपोर्ट चांगले असूनही माणूस बरा नाही, हे घरात तुला दिसलं. हेच ओळखणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत.

त्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजीचा, म्हणजे बोलण्यातून मनावर उपचार करण्याच्या शाखेचा, विचार कर. बी.ए. किंवा बी.एस्सी. मानसशास्त्राला नीट लागत नाही. मात्र नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. हे अभ्यासक्रम सध्या बदलताहेत, तेव्हा कुठेही फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत त्या संस्थेचं नाव शोध. या वाटेने औषधं लिहून देता येत नाहीत, तो अधिकार डॉक्टरांचा; मानसोपचारतज्ज्ञ व्हायला एम.बी.बी.एस.नंतर एम.डी. सायकिॲट्री करतात. आणि समुपदेशनाने सगळं साधतं असंही नाही. २००३ मध्ये जवळपास अडीच हजार हृदयरुग्णांवरच्या अमेरिकी अभ्यासात समुपदेशनाने नैराश्य कमी झालं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. तरीही बाबा पुन्हा जेवू-बोलू लागले, तर तुमच्या घराला त्याची किंमत कळेल.

दुसरा पर्याय फिजिओथेरपी. अटॅकनंतर रुग्णाला हळूहळू चालता-फिरता करणं, म्हणजेच कार्डिॲक रिहॅब, यात पुढे स्पेशलायझेशन करता येतं. राज्यातल्या बऱ्याच कॉलेजांतल्या या पदव्या आपल्या नाशिकच्याच आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. यालाही प्रवेश नीटवरूनच होत आला आहे, पण एम.बी.बी.एस.इतके मार्क लागत नाहीत. म्हणून नीट सोडू नकोस, फॉर्म भर आणि परीक्षा दे.