पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या लढाईत पडले. पेडण्यात गावच्या वाड्यावर त्यांचा स्मृतिफलक लावायचा आहे, सुरुवात कुठून करू?

आधी सैनिक क्रमांक शोधा, दगडाचं नंतर बघा. घरात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. हिंदी सैनिकांच्या पदकांवर बहुतेकदा क्रमांक, नाव आणि पलटण तिथेच बारीक कोरलेली असते. मग युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घालून बघा. मराठा पलटणीचं स्पेलिंग तिथे जुनं आहे: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. नावांचंही तसंच, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे तिथे 'येशवंत' म्हणून सापडतात. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं, त्यामुळे पत्ता सावंतवाडीचा किंवा रत्नागिरी जिल्ह्याचा लिहिलेला असू शकतो. गावाच्या नावावर विसंबू नका.

थडगं मात्र असेलच असं धरून बसू नका. दहन झालेल्या हिंदी सैनिकांची नावं इटलीत सांग्रो नदी, फोर्ली आणि रिमिनी इथल्या तीन दहन-स्मारकांवर आहेत. ज्यांचं थडगं कुठे ते कळलेलं नाही त्यांची कासिनोच्या स्मारकावर. 10 जुलै 1944 रोजी पडलेले घाडगेसुद्धा तिथेच आहेत. 'थडगं नाही म्हणजे मेल्याचा पुरावा काय' असं विचारणाऱ्यांना स्तंभ किंवा पाटी क्रमांकासकट ती नोंद छापून द्या.

आणि 'इंग्रजांसाठी मेला, त्याला फलक कशाला' हे आमच्याकडे हटकून ऐकू येतं. मला ते साफ अमान्य आहे. लढाई कुणाची हे त्या पोराने ठरवलं नव्हतं. तो गावचा होता, गावाने त्याचं नाव लिहिलंच पाहिजे.

दगड काळा ग्रॅनाइटच घ्या. जांभ्या चिऱ्यावर अक्षरं टिकत नाहीत, पावसात शेवाळ धरतं आणि कडा झडतात. अक्षरं नुसती रंगवू नका, खोल कोरून घ्या. दगड भिंतीला धरणाऱ्या पिना स्टेनलेस स्टीलच्या हव्यात. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि दगड तडकतो. मजकूर एवढाच: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, ठिकाण. देणगीदारांची नावं त्या दगडावर अजिबात नकोत. जागा देवस्थानची असेल तर महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या मानकरी घराण्यांची, लेखी संमती आधी घ्या.

एक राहिलंच. वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत दुसऱ्या महायुद्धाचे मृत्यू 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातले धरतात, सेवेत असताना आजाराने गेलेलेही. तेव्हा 'लढाईत पडले' हे नोंद बघितल्याशिवाय कोरू नका.