इंग्लंडला येण्याआधी नर्सनं कोणती सवय लावावी

ताई, तुम्ही गडचिरोलीकडच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहात आणि विचारलंय, इंग्लंडला यायच्या आधी नेमकं काय शिकू? सलाईन, कॅथेटर, प्रसूती यांची काळजी करू नका, तुमचा हात बसलेला आहे. इथं अडतं ते दुसरीकडेच. पेशंट बघून काय वाटलं, का वाटलं आणि मग काय केलं, हे बोलावं आणि लिहावं लागतं.

इथं नर्स म्हणून नोंदणीसाठी दोन परीक्षा: सीबीटी (संगणकावरची) भारतात देता येते, ओएससीई (प्रात्यक्षिक) इथं येऊनच. तिच्यात १० स्टेशनं, म्हणजे वेगवेगळी कामं करून दाखवायचे टप्पे. त्यांतली ४ एकाच पेशंटची: असेसमेंट (तपासणी), नियोजन, काळजी, मूल्यमापन. ॲलर्जी विचारायची राहिली किंवा नाव-जन्मतारीख पडताळली नाही, तर बाकीचं काम चांगलं असूनही फटका बसतो.

आजपासून श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. गर्दीत टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता) सरसकट १८ नाहीतर २० लिहिलं जातं. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका, नजर छातीवर ठेवा. मोजताय हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. इथं न्यूज-२ तक्त्यावर प्रत्येक मोजमापाला गुण देतात; जितके गुण जास्त, तितका पेशंटला धोका जास्त. समजा श्वास २४, ऑक्सिजन न लावता एसपीओटू (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९५, वरचा बीपी १०८, नाडी ११२, ताप ३८.४ सेल्सिअस (आपल्या थर्मामीटरवर १०१), पेशंट शुद्धीवर. एकेक आकडा पाहून कुणी धावणार नाही. पण गुण २, १, १, २, १ मिळून ७ होतात, म्हणजे तातडीची टीम आणि सतत मॉनिटर. श्वास अंदाजानं २० लिहिला की उरतात ५, आणि पुढची तपासणी तासाभरानं. सेप्सिसमध्ये (संसर्ग अंगभर भिनून जीवावर बेततो तेव्हा) तेवढा तास महाग पडतो.

नीट बोलणारी आजी अचानक बरळायला लागली तर त्या एकाच गोष्टीचे ३ गुण. म्हातारपण म्हणून सोडू नका. आणि गुण कमी असूनही पेशंटचं लक्षण बरं दिसत नसेल, तर डॉक्टरांना बोलवा, कारण लिहून ठेवा.

डॉक्टरांना फोनवर सांगण्याचा क्रम एसबार (SBAR): आत्ता काय झालं, आधीचं काय, तुम्हाला काय आढळलं, काय हवं. "सर, जरा बघून घ्या" यात मागणीच नाही. "१५ मिनिटांत येऊन तपासा" असं स्पष्ट म्हणा.

औषध समजावून "समजलं का?" विचारलं की आपल्याकडचा पेशंट "हव" म्हणतो, इथलाही मान डोलावतो. त्याऐवजी "ही गोळी घरी केव्हा आणि किती घ्याल, सांगा बरं" असं विचारा. चूक तिथंच सापडते.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे पेशंट सांभाळल्याचा अनुभव मुलाखतीत जरूर सांगा. विदर्भातल्या नर्सची ही मोठी जमेची बाजू आहे. इथली मार्गदर्शक सूचना अशी: क्रायसिसमधला (अचानक तीव्र वेदना उठलेला) पेशंट आल्यापासून ३० मिनिटांत वेदनाशामक, मग आराम पडेपर्यंत दर ३० मिनिटांनी वेदना पुन्हा तपासायची. वेदनेचा ० ते १० मधला आकडा औषधाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा लिहायची सवय आत्ताच लावा. अशा पेशंटला छातीत दुखून ताप आला आणि एसपीओटू उतरू लागला, तर ॲक्यूट चेस्ट सिंड्रोमची (सिकलसेलमधली फुप्फुसाची जीवघेणी गुंतागुंत) शंका घ्या आणि पुढच्या राउंडची वाट बघू नका.