वेग महत्त्वाचा की कस?

प्रश्न : मी कथा लिहिते. एक कथा मनासारखी व्हायला मला तीन-चार महिने लागतात. माझ्याबरोबर लिहू लागलेल्या काही जणांची मात्र दर पंधरवड्याला नवी कथा प्रसिद्ध होते आणि त्यांची नावे सतत वाचकांसमोर राहतात. मीही वेग वाढवून पाहिला, पण त्या कथा मलाच पोकळ वाटल्या. असेच सावकाश लिहीत राहिले तर मी मागे पडेन का?

उत्तर : वेगाने लिहिलेल्या कथा आपल्याला स्वतःलाच पोकळ वाटल्या, हे आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आहे. कस उतरल्याचे ज्याला स्वतःला कळते, त्याने तो जाणूनबुजून उतरू द्यावा, असे मी कधीही सुचवणार नाही.

तरीही सावकाश लिहिले म्हणून चांगले आणि झटपट लिहिले म्हणून उथळ, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. संगीतकार हँडेल याने ‘मसाया’ ही दीर्घ रचना १७४१ साली अवघ्या २४ दिवसांत लिहून काढली. परंतु त्या वेळी तो ५६ वर्षांचा होता, तीसहून अधिक वर्षे रंगभूमीसाठी संगीत रचत आला होता आणि ‘मसाया’तील काही समूहगीतांसाठी त्याने नुकत्याच रचलेल्या आपल्याच इटालियन युगुलगीतांमधील सुरावटी वापरल्या होत्या. त्या २४ दिवसांमागे असलेली तयारी वजा करून केवळ आकड्याशी स्वतःची तुलना करणे अन्यायाचे ठरेल.

संगीतकार ब्राम्सचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. आपल्या पहिल्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेच्या, पहिल्या भागाचा खर्डा त्याने १८६२ साली आपल्या स्नेही, पियानोवादक क्लारा शूमान यांना दाखवला होता, आणि ती सिंफनी प्रत्यक्ष वाजवली गेली १८७६ साली. आज त्या रचनेची ओळख बनलेली सुरुवातीची संथ, गंभीर प्रस्तावना १८६२च्या खर्ड्यात नव्हतीच. ती नंतर आली. आपल्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मधल्या चौदा वर्षांत ब्राम्स एकाच रचनेला कवटाळून बसला नव्हता. त्याच काळात त्याच्या इतर मोठ्या रचना पूर्ण झाल्या, लोकांनी ऐकल्या आणि त्याचे नावही झाले.

म्हणून माझा सल्ला असा आहे की, लिहिण्याची गती बदलू नका. एका वेळी हाती असलेल्या कथांची संख्या बदला. एका कथेचा खर्डा संपला की तो महिनाभर दृष्टीआड ठेवा आणि त्या काळात दुसरी कथा लिहायला घ्या. लिहून होताच कथा वाचली, तर आपण कागदावरचे वाचत नाही, आपल्याला जे म्हणायचे होते तेच वाचतो. राहिलेल्या फटी आपली स्मृती बिनबोभाट भरून काढते. महिन्याभराने ही मदत मिळेनाशी होते. मग संवादातून कळलेलीच गोष्ट पुन्हा समजावून सांगणारा परिच्छेद खटकतो, केवळ माहिती पुरवण्यासाठी दारातून आत आलेले पात्र ओळखू येते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शेवट कथेतून उगवला आहे की लेखक थकल्यामुळे आला आहे, हे दिसते. घाईत लिहिलेल्या कथेचा शेवट बहुधा सर्वांत आधी सुचलेला असतो, आणि जो आपल्याला आधी सुचतो तो वाचकालाही आधीच सुचलेला असतो. माझ्या मते घाईने होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

अशा रीतीने दोन-तीन कथा आलटून पालटून चालू राहिल्या, तर कोणत्याही कथेच्या वाट्याचा वेळ न कापता आपले लेखन आजच्यापेक्षा अधिक नियमितपणे वाचकांपर्यंत पोहोचेल. दर पंधरवड्याला तरीही जमणार नाही, आणि जमायची गरजही नाही.

प्रश्न : माझी कादंबरी लिहून दोन वर्षे झाली, मी अजून सुधारणाच करतो आहे. हा दर्जाचा आग्रह की भीती?

उत्तर : आपण अलीकडे केलेले बदल तपासून पाहा. एखादे पात्र, प्रसंग किंवा निवेदन त्यांमुळे बदलत असेल, तर काम खरोखरच चालू आहे. मागच्या खेपेला काढलेला शब्दच या खेपेला परत ठेवला जात असेल, तर एकट्याने करता येण्याजोगे काम संपले आहे. त्यापुढचे काम दुसऱ्याने वाचल्याशिवाय होत नाही. वर उल्लेखलेल्या सिंफनीचा संथ भाग ब्राम्सने पहिल्या प्रयोगानंतर, छापण्यापूर्वी, पुन्हा बदलला होता. आपले मन राखण्याची गरज नसलेल्या एखाद्या चोखंदळ वाचकाला हस्तलिखित द्या. त्याचे मत विचारण्याआधी, वाचताना तो कोणत्या पानावर थांबला आणि पुस्तक पुन्हा केव्हा हाती घेतले, एवढेच विचारा. दुरुस्ती त्या पानाच्या थोडे आधीपासून सुरू करा.