हाडंच नाहीत, मग थडगं कसलं?

प्रश्न : नमस्कार, आमचं गाव कोकणात, राजापूर तालुक्यात, सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) खाली. मागच्या महिन्यात पुरातत्त्ववाली दहाबारा पोरं आली, आमच्या पडीक मळ्यातून रांगेत चालत गेली, खापरं पिशवीत भरली. वर कातळाजवळ दगडांचं एक गोल रिंगण आहे, तिथली माती पुड्या बांधून नेली. थडगं असू शकतं म्हणाले. पण चुलत्याने पूर्वी तिथे कुदळ मारलेली, एक हाड निघालं नव्हतं. देशावरचे अख्खे सांगाडे व्हिडिओत बघितलेत, मग आमच्याकडे का नाही?

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे चुलत्यांना परत कुदळ मारू देऊ नका, बाकीचं मग बोलू.

देशावरचं म्हणता ते बहुतेक इनामगाव असेल, शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं. 1968 ते 1983 डेक्कन कॉलेजने तिथे खणलं. लहान मुलं दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून घराच्या जमिनीखालीच पुरलेली, मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले (का तोडले यावर वाद घालत बसायला एक रात्र पुरत नाही), आणि त्याच गावात सातू, मसूर पिकवायचे, पुराचं पाणी वळवायला कालवा होता. हे सगळं टिकलं कारण काळी माती, तिच्यात चुनखडी, हाड तिच्यात सांभाळलं जातं. आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, वर चार महिने धो धो पाऊस, त्या आंबट पाण्यात हाडाचं कॅल्शियम विरघळून जातं. म्हणजे चुलत्यांना हाड मिळालं नाही यावरून तिथे माणूस पुरलेलाच नव्हता असं काही ठरत नाही. असा निकाल लावायचा तर कोकणात कोणी मेलंच नाही म्हणावं लागेल.

मग मातीच्या पुड्या कशाला? माणूस कुजला की फॉस्फेट मातीत उतरतं, आणि आपल्या मातीतलं लोह ते घट्ट धरून ठेवतं. कलमांना सुपर फॉस्फेट घातलं तरी झाडाला लागत नाही म्हणून आपण बोंबलतो ना, त्याचंच कारण हे! शेतीत जो त्रास तोच इथे पुरावा. रिंगणाच्या आतलं फॉस्फेट आणि बाहेरचं फॉस्फेट ताडून बघतात, आत बरंच जास्त निघालं तर शंका बळावते. फक्त तिथे कधी गोठा होता का ते त्या पोरांना नक्की सांगा, शेणामुतानेही ते वाढतं आणि मग सगळा हिशोब फसतो.

रिंगणाचं म्हणाल तर नागपूरजवळ जुनापाणीला अशी दगडी वर्तुळं आहेत, ती लोहयुगातली दफनं. पण प्रत्येक ढीग थडगं नसतो हो, शेत साफ करताना आपणच दगड कडेला टाकतो की. टाकलेल्या ढिगात लहानमोठं सगळं सरमिसळ असतं, रचलेल्या रिंगणात मोठे दगड नीट बसवलेले दिसतात. आता एकदा उकरल्यावर दगड कुठे होता, खापर कुठल्या थरात होतं, सगळंच गेलं, आणि कोकणात हाड नसताना तेवढंच तर हातात असतं.

प्रश्न : आमचे बांध पांडवांनी एका रात्रीत घातले असं आजी सांगायची. खरे किती जुने असतील? आणि सड्यावरच्या कातळात चित्रं कोरलीत ना, ती कातळशिल्पं काढणारेच भात लावायचे का?

उत्तर : आजीशी वाद घालायची माझी टाप नाही. पण बांध दर पावसाळ्यात ढासळतो, आपण त्याच दगडांनी तो परत रचतो, त्यामुळे वरचा दगड बघून वय कळत नाही. बांधाच्या तळाशी दबलेला कोळसा मिळाला तर कार्बन चाचणी करतात, आणि बांध त्या कोळशानंतरचा एवढंच ठरतं. भाताचं रोप टाकायच्या जागी पालापाचोळा जाळायची, म्हणजे राब भाजायची आपली सवय, त्यामुळे कोळसा भरपूर, फक्त उंदरांनी आणि मुळांनी तो खालवर केलेला नसावा. भाताच्या पानातले सिलिकाचे बारीक कणही मातीत राहतात, आम्लाला ते दाद देत नाहीत. म्हणजे हाड गेलं तरी भात सापडू शकतो.

कातळशिल्पांमध्ये शेतीचं दृश्य दिसत नाही, गेंडा, हत्ती, मासे दिसतात, म्हणून ती शिकारी लोकांची असावीत असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलीत ती.

शेत आणि थडगं एकत्र बघायचं असेल तर मुंबईतल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना जा. तिथे भिक्षूंच्या विटांच्या छोट्या स्तूपांची आख्खी स्मशानभूमी आहे, आणि लेण्यांतल्या शिलालेखांत भिक्षूंसाठी शेतं दान दिल्याचं कोरलंय. त्यातल्या एका शेताचं गाव म्हणजे आजचं बोरिवलीजवळचं मागाठाणे असं मानतात. मागाठाण्याला तर लोकलने बोरिवलीला उतरून रिक्षाने जाता येतं!

प्रश्न : आता जमीन जाणार का हो? शेजारी म्हणतो चिरेखाण पण बंद करतील.

उत्तर : नुसत्या सर्व्हेने जमीन जात नाही. जागा संरक्षित करायची तर राजपत्रात सूचना काढावी लागते आणि हरकतीला दोन महिने देतात. शंभर मीटर बांधकामबंदीचा नियम केंद्र संरक्षित स्मारकांना आहे, तुमच्या मळ्याला नाही. मात्र जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर गुप्तधनाच्या 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, हे शेजाऱ्यालाही सांगा. खापर दिसलं तर जागेवरच ठेवा, बाजूला काठी ठेवून मोबाईलवर फोटो काढा, जीपीएस चालू ठेवून. आणि खाणीचा जेसीबी रिंगणाकडे सरकतोय असं दिसलं तर तलाठ्याकडे आधी अर्ज टाका, पोच घ्या.