सुपरमार्केटने ‘उत्पादनाची माहिती चुकीची’ म्हणून बिलातून पैसे कापले. असं कापता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडजवळ घरचा प्रक्रिया उद्योग आहे, आंबा पल्प आणि कोकम सरबत मुंबईतल्या एका साखळी दुकानांना देता. या महिन्याच्या पेमेंटमधून त्यांनी ‘आयटम डेटा मिसमॅच’ एवढंच लिहून दोन उत्पादनांचे प्रत्येकी ५,००० असे १०,००० रुपये वळते केले. मालाबद्दल एक तक्रार नाही, मग दंड कसला?

करारात तसं कलम असेल तर कापता येतं. मात्र कलम आहे म्हणून वाटेल तेवढं कापता येतं असं नाही. भांडायचं की नाही ते नंतर ठरवा. आधी एक बाटली, एक डबा आणि एक भरलेलं खोकं घ्या, वजनकाटा आणि मेजरिंग टेप घ्या, आणि उत्पादनाच्या माहितीची तुम्ही दुकानाला भरून पाठवलेली शीट शेजारी उघडा. दहातल्या सात वेळा चूक आपलीच निघते. हे मी हात पोळून घेऊन सांगते आहे.

आम्ही कुडाळचे. दीर उत्पादन बघतात. बिलं, हिशेब आणि दुकानवाल्यांच्या त्या शंभर रकान्यांच्या शीट माझ्याकडे. एका मे महिन्यात ७०० मिलीच्या बाटल्या मिळेनात. सरबताचे रातांबे (कोकमाची फळं) घरात येऊन पडलेले, थांबायला वेळ नव्हता, म्हणून ७५० मिलीच्या घेतल्या. लेबल नवं छापलं, एमआरपी १६० ची १७५ केली. बारकोड मात्र तोच ठेवला. दीर म्हणाले, ‘‘सरबत ताच, बाटली तेवडी मोठी.’’ मलाही पटलं. शीटमध्ये ७५० आणि १७५ भरून पाठवून दिलं आणि विसरले.

दुकानात मागच्या खेपेच्या ७०० च्या बाटल्या अजून फळीवर होत्या, त्यांच्यावर छापील किंमत १६०. काउंटरवर बारकोड मारला की मशीन म्हणे १७५. एका ग्राहकाने बाटली आणि बिल शेजारी ठेवून फोटो काढला आणि तक्रार केली. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेतलं, म्हणजे प्रकरण थेट वैधमापन शास्त्र विभागाकडे (वजनमापं आणि छापील किंमत तपासणारं सरकारी खातं) जाण्यासारखं, आणि तिथे आधी दुकानदाराला उत्तर द्यावं लागतं. दुकानवाल्यांनी आमच्या सगळ्या बाटल्या फळीवरून उतरवल्या आणि दंड लावला. तेव्हा मला राग आला होता. आता त्यांच्या जागी असते तर मीही लावला असता, असं वाटतं.

बारकोडचा नियम साधा आहे. लेबलवरची निव्वळ मात्रा बदलली की नंबर नवा. बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएसवन या संस्थेचा हा नियम जगभर एकच आहे. खोक्याचं माप किंवा एकूण वजन २० टक्क्यांहून जास्त बदललं तरी नवा नंबर घ्यावा लागतो. आपल्याकडे ८९० ने सुरू होणारे नंबर जीएसवन इंडिया देते. बाजारात कुणी ‘स्वस्तात बारकोड’ विकतं, ते घेऊ नका. तो नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघाला की पुन्हा हाच दंड.

हे दंडाचं खूळ इथल्या साखळीवाल्यांनी काढलेलं नाही. अमेरिकेत टार्गेट या साखळी दुकानांनी २०१६ साली पुरवठादारांना कळवलं होतं की उत्पादनाची माहिती चुकीची दिली तर १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. वॉलमार्ट वेळेवर आणि पूर्ण माल न आल्यास त्या मालाच्या किमतीच्या ३ टक्के कापतं, आणि २०२१ पासून लेबल, बारकोड, ऑर्डरशी माल जुळणं याचंही वेगळं शुल्क लावतं. ऑनलाइन विक्रीत ग्राहक बाटली हातात घेऊन बघत नाही, त्याच्यासाठी माहिती हाच माल. गोदामातली फळी, ट्रकमधली जागा, डिलिव्हरीचा खर्च, सगळं तुम्ही भरलेल्या आकड्यांवर ठरतं.

आता तुमच्या दोन उत्पादनांकडे येऊ. पल्पच्या डब्यात मला निव्वळ आणि एकूण वजनाचा घोळ दिसतो. ८५० ग्रॅमचा डबा असेल तर तो काट्यावर साधारण किलोभर भरतो, आणि शीटमध्ये दोन्ही रकान्यांत ८५० लिहिलेलं असतं. सरबताचं उलट. ७५० मिली म्हणजे ७५० ग्रॅम नव्हे. साखरेचा पाक पाण्याहून जड असतो, आमचं सरबत बाटली सोडून किलोच्या जवळपास जातं. तुम्ही ‘मिली’च्या जागी ‘ग्रॅम’ निवडलं असेल तर एवढ्यावरही ‘मिसमॅच’ येतो.

हलक्या मालाची गोष्ट आणखी वेगळी. फणसाचे तळलेले गरे आम्ही २०० ग्रॅमच्या ४० पुड्यांचं खोकं करतो. माल ८ किलो. खोकं ६० बाय ४५ बाय ४० सेंटीमीटर. कुरिअरवाले अशा मालाचं वजन त्याने अडवलेल्या जागेवरून धरतात, बहुतेक ठिकाणी घनफळाला ५,००० ने भागतात, म्हणजे १,०८,००० भागिले ५,०००, २१.६ किलो. भाडं या २१.६ चं. मी उंची ४० च्या जागी ३० लिहिली असती तर १६.२ आलं असतं, आणि मधल्या ५.४ किलोचं भाडं प्रत्येक खोक्यामागे दुकानवाल्याच्या बोकांडी बसलं असतं. तो ते नंतर दंडासकट वसूल करतोच.

एक्सेलचंही सांगून ठेवते, कारण याने मला एकदा रडवलंय. तेरा आकडी बारकोड साध्या रकान्यात टाकला की एक्सेल त्याचं ‘८.९ ई+१२’ असं काहीतरी करून ठेवतं, आणि फाइल सीएसव्हीत सेव्ह केली की मूळ आकडे गेलेच. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) चौदा आकडी परवाना क्रमांकाचंही तेच. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मग आकडे भरायचे. तारखांतही दिवस-महिना उलटापालटा होतो आणि तुमचं सरबत कागदोपत्री महिनाभर आधीच मुदतबाह्य होतं. ऑनलाइन विक्रीत ग्राहकाच्या हाती पडताना किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत उरलेली असावी असं एफएसएसएआय सांगते, त्यामुळे गोदामवाले या रकान्याला फार जपतात.

नावाच्या रकान्यातही सांभाळा. आमचं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) एकदा दुकानवाल्यांच्या माणसाने ‘कोकम ड्रिंक’ म्हणून चढवलं. लोकांनी पाण्यात घालून प्यायलं आणि ‘खारट आहे’ म्हणून परत पाठवलं! आगळ सोलकढीला असतं हे मुंबईच्या ऑफिसात बसलेल्याला कोण सांगणार? ही चूक त्यांची होती, पण परतीचा खर्च आधी आमच्याच खात्यातून गेला. तुमच्या पल्पच्या नावात ‘देवगड हापूस’ असेल तर तेही बघा. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ते नाव मानांकन म्हणून वापरायला नोंदणीकृत वापरकर्ता असावं लागतं.

मोजून झालं आणि चूक तुमची नाही असं दिसलं, किंवा चूक आहे पण रक्कम अवाच्या सवा वाटली, तर पुढचं. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती फार तर वरची मर्यादा. मिळते ती तिच्या आतली वाजवी भरपाईच. कैलाशनाथ विरुद्ध डीडीए या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की नुकसान सिद्ध करण्यासारखं असेल तिथे ते सिद्ध करावं लागतं. म्हणून पत्रात सरळ विचारा: कोणत्या रकान्यात काय फरक आढळला, कोणत्या तारखेला मोजलं, मोजणीचा फोटो कुठे, नुकसान किती झालं. आमच्या बाटलीवर त्यांनी दोनदा दंड लावला होता, एकदा गोदामाच्या नावाने, एकदा वेबसाइटच्या. एकच चूक, दोन पावत्या. पहिल्याला मी मान तुकवली, दुसऱ्याबद्दल असं पत्र पाठवलं. तीन आठवड्यांनी ते ५,००० परत जमा झाले.

उद्यम नोंदणी असेल तर तुमच्या हातात आणखी एक काठी आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे रखडवता येत नाहीत. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते, ती असे वाद ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे जाते. मी स्वतः ती वाट धरलेली नाही. फळीवरची जागा गेली तर खटला जिंकून कोकम कुठे विकायचं? पण पत्राच्या शेवटच्या ओळीत या कायद्याचा नुसता उल्लेख केला तरी त्यांच्या हिशेब खात्याची भाषा मवाळ होते, असा माझा अनुभव आहे.

एक काळजी घ्या. ते ‘आमच्या डेबिट नोटेसमोर क्रेडिट नोट द्या’ म्हणतील. लगेच देऊ नका, क्रेडिट नोट म्हणजे किंमत कमी केल्याची तुमची कबुली. मालाची किंमत कमी झालेली नाही, दंड लागलाय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुकसानभरपाई म्हणून कापलेल्या रकमेवर जीएसटी लागतो का, याबद्दल ३ ऑगस्ट २०२२ चं १७८ क्रमांकाचं परिपत्रक आहे. निव्वळ नुकसानभरपाई असेल तर लागत नाही. त्यांनी १०,००० रुपयांवर वेगळा कर लावलाय का ते पाहा आणि परिपत्रक तुमच्या सीएला दाखवा.

करारातलं ते दंडाचं कलम, दुकानाचं नाव झाकून, इथे टाका. दंड प्रत्येक उत्पादनामागे आहे की प्रत्येक चुकीमागे, हे त्यातल्या शब्दांवर ठरेल, आणि तुमच्या दुसऱ्या ५,००० चं त्यावरच सांगता येईल.